बर्फ पिकवणारे आणि कोंबड्यांचं पाणी

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेसहाच्या सुमारास फोन वाजला. फौजी घरात इतक्या सकाळी फोन वाजला की सगळेच जरा दचकतात. फोन सुभेदार साहेबांचा होता. लष्कराबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्यात अधिकारी जेसीओंना 'साहेब' म्हणतात आणि जेसीओ अधिकाऱ्यांना. त्यामुळे आमचा सगळा संवाद दोन साहेबांमधला असतो.

"जय हिंद साहेब. फरीदाबादेत पाणी गोठतं का हो?"

"जय हिंद साहेब. कसलं पाणी?"

"कोंबड्यांचं. कुंडीवर काचेसारखा पापुद्रा धरलाय. बोटानं दाबला तर कडकन मोडला. आज चौथा दिवस. अंडी निम्म्यावर आलीत."

सुभेदार साहेब मूळचे सातारा जिल्ह्यातले. आम्ही एका युनिटमध्ये तीन वर्षं काढली आहेत. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे ते फरीदाबादला आले. फ्लॅटमध्ये जीव रमेना, म्हणून यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत, एक तुकडा भाड्याने घेतला आणि चाळीस कोंबड्या पाळल्या. पेन्शन आहे, पोटाचा प्रश्न नाही. पण अंड्यांचे पैसे ते नातीच्या नावाने बाजूला टाकतात आणि पै-पैचा हिशोब वहीत लिहितात. 'अंडी निम्म्यावर' हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. प्लाटूनमधले जवान एकामागोमाग आजारी पडू लागले की जेसीओ त्याच आवाजात बोलतो.

मला आधी खरंच वाटेना. मोबाइल त्या पहाटेचं किमान तापमान चार अंश दाखवत होता. दिल्लीत पारा शून्याखाली जाणं इतकं दुर्मीळ, की सफदरजंग वेधशाळेतला १६ जानेवारी १९३५ चा उणे ०.६ अंश हा आकडा अजून सांगितला जातो. मग चार अंशाला पाणी गोठलं कसं?

रविवारी जाऊन पाहिलं. साहेबांनी कोंबड्यांसाठी उत्तम शेड बांधली होती. पण आत पाणी सांडून लिटर ओलं होतं, म्हणून पाण्याच्या कुंड्या बाहेर अंगणात ठेवल्या होत्या. कुंभाराकडून आणलेल्या, मातीच्या, पसरट, दीड-दोन इंच खोल. संध्याकाळीच भरून ठेवायच्या, म्हणजे पहाटे कोंबड्या बाहेर सोडल्या की पाणी तयार. आणि थंडी वाढल्यावर त्यांनी मायेनं आणखी एक गोष्ट केली होती. जमिनीचा गारठा लागू नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली वाळलेल्या परालीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, वीतभर जाड थर घातला होता.

मी ते पाहिलं आणि हसू आवरेना. म्हटलं, "साहेब, तुम्ही कोंबड्यांना पाणी नाही ठेवलंत. तुम्ही बर्फाचा कारखाना काढलाय."

हे मी गमतीनं बोललो नव्हतो. साहेबांच्या अंगणात जे होतं, नेमकं तेच उत्तर हिंदुस्थानात शेकडो माणसं मुद्दाम करत होती, आणि त्याचं वर्णन अडीचशे वर्षांपूर्वी एका तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे.

त्याचं नाव सर रॉबर्ट बार्कर. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेचा सरसेनापती. मराठी वाचकाला तो दुसऱ्या संदर्भात माहीत असायला हवा. १७७१-७२ मध्ये महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि विसाजी कृष्ण बिनीवाले यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं आणि मराठी फौजा रोहिलखंडात शिरल्या. घाबरलेल्या रोहिल्यांनी जून १७७२ मध्ये अवधच्या शुजाउद्दौलाशी करार केला की मराठ्यांना घालवून द्या, चाळीस लाख रुपये देतो. तो करार या बार्करच्या उपस्थितीत झाला. म्हणजे पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठे उत्तरेत पुन्हा उभे राहिले, तेव्हा समोरच्या बाजूला असलेला हा माणूस.

पण बार्करला लढाईपलीकडेही डोळे होते. काशीच्या वेधशाळेवर त्याने टिपण लिहिलं, आणि इंग्लंडला परतल्यावर १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थानात बर्फ कसा तयार करतात यावर एक लेख लिहिला. त्याने हे काम अलाहाबादेत पाहिलं होतं. गंमत अशी की त्या मुलखात तळ्यात, डबक्यात नैसर्गिकरीत्या गोठलेलं पाणी त्याला दिसलं नव्हतं. तरी हिवाळ्यात रोज पहाटे टोपल्या भरभरून बर्फ निघत होता.

पद्धत अशी. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं आठ इंच ते फूटभर जाडीने अंथरायची. त्यावर मातीच्या, झिलई नसलेल्या थाळ्या ओळीने मांडायच्या. थाळी पाव इंच जाड आणि फक्त सव्वा इंच खोल. संध्याकाळी अंधार पडताना त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. सूर्योदयाआधी मजूर येऊन थाळ्यांतला बर्फ काढायचे आणि एका खोल खड्ड्यात गवत व घोंगड्यांच्या अस्तरात ठोकून भरायचे. तो साठा उन्हाळ्यात साहेबलोकांच्या टेबलावर यायचा.

सुभेदार साहेबांच्या अंगणातली यादी पुन्हा वाचा. मातीची पसरट कुंडी, दोन इंचांच्या आत खोली, खाली वाळका पेंढा, वर मोकळं आकाश, पाणी भरण्याची वेळ संध्याकाळ. अलाहाबादच्या मजुरांनी यात एकही दुरुस्ती सुचवली नसती.

आता प्रश्न असा, की हवा चार अंशाला असताना बर्फ होतो कसा? बार्करच्या काळात बरेच लोक श्रेय बाष्पीभवनाला देत. माठात पाणी गार होतं, तसंच थाळीत. १७९३ मध्ये जॉन लॉइड विल्यम्स नावाच्या इंग्रजाने काशीतल्या बर्फाविषयी लिहिलं. थाळ्यांजवळचा तापमापक गोठणबिंदूच्या वर असतानाही बर्फ धरतो, हे त्याने नोंदवलं. खरा उलगडा १८१४ मध्ये झाला. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरने दवावर एक पुस्तक लिहिलं. रात्रीमागून रात्री बागेत जाऊन त्याने गवताचं आणि हवेचं तापमान वेगवेगळं मोजलं होतं. निरभ्र, निवांत रात्री गवत हवेपेक्षा बरेच अंश गार होतं. ढग आला की फरक कमी होतो. वारा सुटला तरी कमी होतो. म्हणजे जमिनीवरची वस्तू आपली उष्णता सरळ आकाशात सोडून देते. हिंदुस्थानातल्या बर्फाचं कोडंही त्याने याच नियमाने सोडवलं.

हे आपल्याला नवीन नाही, फक्त आपण त्याकडे असं पाहत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि त्याच बातमीत गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही खरं असतं. तापमापक हवेचं तापमान सांगतो आणि दव गवताच्या पात्यावर असतं. निफाडचा द्राक्षवाला थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो, तोही याच आकाशाशी झगडत असतो.

आता पेंढ्याचं. मैदानी मुलखात जमीन ही हिवाळ्यातही उबदार असते. दिवसभर ऊन पिऊन बसलेली. उघड्यावर ठेवलेल्या पाण्याची ऊब आकाश वरून ओढतं, आणि जमीन खालून थोडी थोडी परत देत असते. बर्फवाले ताटांचा थर घालायचे तो या जमिनीची मदत तोडण्यासाठी. साहेबांनी पेंढा घातला तो गारठा अडवण्यासाठी. पण गारठा खालून येतच नव्हता. तो वरून येत होता. पेंढ्याला आपला-परका कळत नाही. तो फक्त उष्णतेची वाट अडवतो, कुठल्याही दिशेची. घोंगडी चांगली होती, पण पांघरायची ती अंथरली होती.

याचं दुसरं टोकही इतिहासात आहे. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 'टस्कनी' नावाच्या जहाजातून तळ्यातला बर्फ कलकत्त्याला पाठवला. निघताना सुमारे १८० टन होता. चार महिने प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून पोचला तेव्हाही सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे असा बर्फ मुंबईलाही येऊ लागला. तो टिकवला कशाने? वाळका भुसा आणि हवा कोंडलेल्या दुहेरी भिंती. म्हणजे ज्या जातीच्या वस्तूने अलाहाबादेत पाणी गोठायला मदत केली, तिनेच समुद्रावर बर्फ वितळू दिला नाही. सगळा फरक ती कुठल्या बाजूला लावली याचा.

खोलीचा हिशोबही सांगतो, कारण तो साध्या गुणाकाराचा आहे. निरभ्र, कोरड्या रात्री एक चौरस मीटर पृष्ठभाग आकाशाला साधारण ७० वॅट उष्णता देतो असं धरू. बारा तासांत होतात सातशेच्या आसपास किलोकॅलरी. शून्य अंशाचं एक लिटर पाणी गोठवायला ८० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे रात्रभरात जास्तीत जास्त आठ-नऊ लिटर, आणि एक चौरस मीटरवर आठ-नऊ लिटर म्हणजे खोली सेंटिमीटरभर. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण पाणी आधी शून्यापर्यंत उतरायला हवं आणि हवाही थोडी ऊब परत देते. फूटभर खोल बादलीत त्याच पृष्ठभागाखाली तीसपट पाणी असतं. ते एका रात्रीत गार होईल, गोठणार नाही. बर्फवाल्यांनी सव्वा इंच ही खोली कुठल्या सूत्राने काढली नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या हात भाजून, म्हणजे हात गारठवून, काढली होती.

इथपर्यंत मी साहेबांना उत्साहाने सांगत होतो. मग ते म्हणाले, "साहेब, हे सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

नव्हतं. मी ते शिकलो त्याला वीस वर्षं झाली, आणि त्याची किंमत दुसऱ्या माणसाने भरली.

तेव्हा मी कॅप्टन होतो आणि आमचं युनिट लडाखमध्ये होतं. खडकवासल्याला कॅडेट असताना डिसेंबरमधल्या पहाटेच्या पीटीला आम्ही थंडी म्हणायचो. लेहला उतरल्यावर तो शब्द परत घेतला. लेह सुमारे साडेअकरा हजार फुटांवर. जानेवारीत रात्रीचा पारा उणे पंधरा, कधी त्याच्याही खाली. तिथे ताजं अन्न हा साधा विषय नाही. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या कच्च्या धावपट्टीवर पहिलं डाकोटा उतरवलं, तेव्हापासून तिथल्या प्रत्येक सैनिकाचं पोट हिवाळ्यात विमानावर आणि उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या साठ्यावर चाललं आहे. रस्ते वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली. म्हणूनच १९६२ मध्ये लेहला संरक्षण संशोधनाची एक प्रयोगशाळा सुरू झाली, जिला आज डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ हाय अल्टिट्यूड रिसर्च म्हणतात. भाजी, दुभती जनावरं, कोंबड्या या उंचीवर कशा वाढतील हे पाहणं हे तिचं काम. संरक्षण खात्याची प्रयोगशाळा कोबी आणि कोंबड्यांवर काम करते याचं हसू फक्त त्याला येईल, ज्याने चार महिने डब्यातलं खाल्लेलं नाही.

अंड्याचं तर विशेष. खालून आणलेलं अंडं वाटेत गोठतं आणि कवच तडकतं. सियाचिनवरच्या जवानांनी हातोडीने अंडं फोडायचा प्रयत्न केल्याचा व्हिडिओ २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिला. तेव्हा युनिटने स्वतःच्या तीस-बत्तीस कोंबड्या पाळल्या, तर ती चैन नव्हे. आजारी जवानाला ताजं अंडं मिळावं, इतकाच हेतू. त्या कोंबड्यांची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि माझ्या हाताखाली ते काम एक जवान करत होता. नाशिककडचा, शेतकऱ्याचा मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा.

नोव्हेंबरपर्यंत रोज वीसच्या वर अंडी यायची. डिसेंबरमध्ये चार-पाचवर आली. मी शेड पाहिली. बुखारी चालू, दाणा भरपूर, पाण्याचे ट्रे भरलेले. मीच हुकूम दिला होता की ट्रे संध्याकाळी भरून ठेवायचे, सकाळी परेडची घाई असते. मी शेड पाहिली ती दुपारी बारा वाजता, उन्हं आत आल्यावर, ट्रेमधलं पाणी सुटल्यावर. सगळं ठीक दिसलं. मग अंडी जातात कुठे? तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यात जे उत्तर आधी येतं तेच आलं. मी त्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं. तो म्हणाला, "साहेब, कोंबड्या देतच नाहीत." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याचं काम काढून घेतलं.

चार दिवसांनी रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचे एक अधिकारी खेचरं तपासायला आले. सहज शेडमध्ये डोकावले, पण सकाळी सातला. त्यांनी ट्रे उचलला आणि उलटा केला. ट्रेच्या आकाराची बर्फाची लादी खळ्‌कन जमिनीवर पडली. तिच्यात कोंबडीची दोन पिसं गोठलेली होती.

"ही घ्या तुमची अंडी," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे शिकवलं ते असं. कवच सोडलं तर अंड्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. कोंबडी जितका दाणा खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास. पाणी तोडलं की ती दाणाही कमी खाते, कारण कोरडा दाणा पाण्याशिवाय पुढे सरकत नाही. एखादा दिवस पाण्यावाचून गेला तरी अंडी घटतात. जास्त ताणलं तर ती पिसं गाळायला लागते आणि कित्येक आठवडे अंडं देत नाही. आणि मुख्य म्हणजे कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. रात्रभर पाणी समोर असलं काय, नसलं काय, तिला उपयोग नाही. ती सर्वांत जास्त तहानलेली असते ते उजाडताना, आणि पुन्हा एकदा मावळतीला. म्हणजे चोवीस तासांत पाणी सर्वांत घट्ट गोठलेलं असतं, नेमक्या त्याच तासाला तिला ते हवं असतं. माझ्या कोंबड्या रोज सकाळचे पाच तास लादीवर चोच आपटत होत्या, आणि मी बारा वाजता येऊन 'सगळं ठीक' म्हणत होतो.

दुसऱ्या दिवसापासून क्रम बदलला. संध्याकाळी कोंबड्या बसल्या की ट्रे रिकामे करून उपडे ठेवायचे. पहाटे लंगरमधून कोमट पाणी आणायचं, दर दोन तासांनी बदलायचं. ट्रेऐवजी खोल भांडी वापरायची आणि ती पेटीत बसवून चारही बाजूंनी भुसा ठासायचा. तिथे हा भुसा तळाशीही हवा, कारण लडाखमध्ये जानेवारीत जमिनीचा वरचा थर स्वतःच गोठलेला असतो. ती ऊब देत नाही, घेते. फरीदाबादेत जमीन मित्र आहे, लेहला ती शत्रूला मिळालेली असते. तीन आठवड्यांत अंडी पंधराच्या वर गेली.

त्या जवानाला मी बोलावलं आणि चूक माझी होती असं सांगितलं. पण एकट्याला बोलावून सांगितलं. आरोप सगळ्यांसमोर केला होता. कबुलीही सगळ्यांसमोर द्यायला हवी होती. ते माझ्याकडून झालं नाही. पुढे त्याची बदली झाली, माझीही झाली. आज हे इथे लिहितोय, त्यातल्या वाचकांत आमच्या युनिटचे काही जण आहेत. त्यांनी वाचावं, की त्या पोराने एकही अंडं घेतलं नव्हतं.

हे ऐकून सुभेदार साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला साहेब, कुंड्या उचलू."

त्या रविवारी आम्ही जे केलं ते क्रमाने लिहितो, कारण उत्तरेत स्थायिक झालेले बरेच निवृत्त फौजी आता परसात कोंबड्या ठेवतात आणि त्यांचे फोन येतात.

एक, पाणी छपराखाली घेतलं. छप्पर म्हणजे आकाश आणि पाणी यांच्यामधली छत्री. पत्रा, जुनी ताडपत्री, बारदान, काहीही चालतं. खादरात दुपारी ऊन पडतं ती बाजू उघडी ठेवली. पाणी सांडून लिटर ओलं होऊ नये म्हणून भांडी विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवली आणि खाली वाळू टाकली.

दोन, पसरट कुंड्या काढून खोल, अरुंद तोंडाची भांडी आणली. रबरी घमेली मिळाली तर उत्तम. त्यात बर्फ धरलाच तर घमेलं पिळून तो काढता येतो, माती तडकते. पिलांसाठी जी उलट्या बाटलीची भांडी मिळतात त्यांचा तळातला पन्हळ अगदी उथळ असतो. ती रात्री बाहेर ठेवायचीच नाहीत.

तीन, रात्री भांडी रिकामी. कोंबडी पीत नाही, मग आकाशाला कशाला पाजायचं? पहाटे हातपंपाचं पाणी भरायचं. जमिनीतून आलेलं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, हा फुकटचा बंब आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मात्र रात्रभर गारठलेलं असतं.

चार, ज्यांच्याकडे निपलची नळी आहे त्यांनी उघड्यावरून जाणारा नळीचा भाग आधी गुंडाळावा. बारीक नळी ही उथळ थाळीची सख्खी बहीण.

पाच, पाण्यात मीठ टाकू नये. गोठणबिंदू खाली आणण्याइतकं मीठ कोंबडीला मारून टाकेल. गाडीच्या रेडिएटरचं द्रव्य तर विषच. आणि थंडीच्या भीतीने शेड सगळीकडून बंद करू नये. आतली दमट हवा आणि विष्ठेचा अमोनिया थंडीपेक्षा जास्त नुकसान करतो. भांड्याखाली बल्ब लावायचा असेल तर भुशापासून लांब ठेवावा. कोरड्या भुशाला आग लागायला एक ठिणगी पुरते.

लेहसारख्या ठिकाणी एवढ्याने भागत नाही. तिथे बाहेरून उष्णता द्यावीच लागते, मग ती बुखारीची असो, विजेची असो, की दक्षिणेकडच्या काळ्या भिंतीने दिवसा साठवलेली उन्हाची. पण तिथेही खोल भांडं, आच्छादन आणि पहाटेची वेळ हे तीन नियम तेच.

जाण्याआधी साहेबांनी एक कुंडी मुद्दाम पुन्हा अंगणात मांडली, तशीच, खाली पराली घालून. म्हणाले, "बघू तरी त्या बार्करचं खरं आहे का." सोमवारी पहाटे फोन आला. अंगणातल्या कुंडीवर पापुद्रा होता. छपराखालच्या भांड्यातलं पाणी हलत होतं.

१७५७ च्या हिवाळ्यात अब्दाली दिल्लीवर चालून आला, तेव्हा अंताजी माणकेश्वरांची थोडी मराठी फौज याच फरीदाबाद परिसरात त्याच्या फौजेशी लढली. चार वर्षांनी पानिपतावर आपली माणसं उपाशी आणि विरळ कपड्यांत ही थंडी सोसत होती. त्याच मुलखात, त्याच रात्रींत, अलाहाबादसारख्या गावांतले मजूर या थंडीचा स्वभाव इतका ओळखून होते की तिच्याकडून काम करून घेत होते. त्यांची नावं बार्करने लिहिली नाहीत. त्यांनी पाणी गोठवायला जे जे केलं, ते उलटं केलं की पाणी गोठत नाही, इतकं सोपं शास्त्र ते मागे ठेवून गेले.

सुभेदार साहेबांच्या वहीत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंड्यांचा आकडा पुन्हा तीसवर गेला. तो त्यांनी लाल पेनाने लिहिलाय. शेजारी शेरा आहे: 'पराली खाली नको.'

जय हिंद.